दाराकडे पाठ

चौथ्या भेटीलाही अग्निशमन दलातल्या घाडींनी खुर्ची फिरवून दाराकडे तोंड केलं. आत शिरलं की आधी बाहेरची वाट हेरायची, ही बावीस वर्षांची सवय. गोदामाची आग विझवताना दलातला जोडीदार गेला, यांची झोप उडाली, म्हणून साहेबांनी समुपदेशनाला धाडलं. तीन भेटी "बरं आहे, मॅडम" एवढ्यातच संपल्या. धूर कधी न गिळलेल्या बाईला सांगायचं काय?

भिंतीवरच्या आग विझवायच्या सिलिंडरकडे मात्र ते दर वेळी रोखून बघत. त्याची मुदत कधीच संपली होती. आज तिथे नवा कोरा सिलिंडर होता.

"तुम्ही बोलत नव्हतात, पण तिकडे बघत होतात," मॅडम म्हणाल्या. "मग मीही बघितलं."

घाडी उठलेच. "पण टांगलाय कुठे? पार छताजवळ! तुमचा हात तरी पोचेल का?"

"नाही," मॅडम हसल्या.

घाडींनी तो खाली त्यांच्या हाताशी ठेवला, पिन काढायला शिकवलं. मग खुर्ची पुन्हा फिरवली आणि दाराकडे पाठ करून ते बसले.

"आता दारावर तुम्ही लक्ष ठेवा, मॅडम," ते म्हणाले. "मी सांगतो."