वाऱ्याकडची बाजू

"वहिनी, उतरा. वाऱ्याचं डोकं फिरलंय आज."

"म्हणूनच आलेय," असं म्हणत तिने धक्क्याची दोरी स्वतःच सोडली. दिराला नाइलाजाने सुकाणू धरावं लागलं.

तळ्याच्या मध्यावर शिडाची छोटी होडी कलंडायला लागली. दोघं वाऱ्याकडच्या काठावर बसली, पावलं तळाच्या पट्ट्यात अडकवली आणि पाण्यावर पाठ टाकून मागे झुकली. त्या वजनावर होडी सावरली. नवऱ्याने तिला एवढं तरी शिकवलं होतं. असल्या वाऱ्यात शीड भरलेलं ठेवायचं तर दोन माणसं लागतात, एकट्यादुकट्याचं कामच नाही.

बेट जवळ आलं. नवरा बुडाला तो इथेच. प्रेतही हाती लागलं नाही. दीर एकटा परतला आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. काय धीराचं पोर! समाचाराला आलेल्यांनी चहा ढोसला, डोळे पुसले. प्रश्न मात्र एकाच्याही तोंडातून फुटला नाही.

तिने पट्ट्यातून पाय काढले आणि ती खाली तळाशी जाऊन बसली.

होडी एकदम आडवी व्हायला लागली. "अहो वहिनी, मराल!" म्हणत दिराने शिडाची दोरी सोडली. शीड फडफडलं. होडी जागीच थबकली.

"बघितलंत? एकट्याला शीड सोडावंच लागतं. त्या दिवशी असल्याच वाऱ्यात तुम्ही भरल्या शिडाने आलात. मी धक्क्यावर होते, भावजी. आंधळी नव्हते. म्हणजे बेटानंतरही ते होडीतच होते. कुठे ढकललंत त्यांना?"

दीर काठावरून घसरून तिच्यासमोर तळाशी बसला.

"दादा इथेच गेला. हात धरला होता मी, सुटला. मग... होडी आपोआप सावरली, वहिनी. कोणीतरी वजन देत होतं. माझ्या शेजारी. थेट धक्क्यापर्यंत."

"आणि तुम्ही वळून बघितलं नाहीत?"

"बघितलं असतं आणि तिथे कोणी नसतं, तर? धक्क्याला लागल्यावर बघितलं. जागा रिकामी. नुसती ओली."

"थापा पुरे. ओढा ती दोरी."

"दोघंही खाली बसलोय! उलटेल!"

"उलटली तर उलटली."

त्याने डोळे मिटून दोरी ओढली. शीड भरलं. होडी कलंडली, काठावरून पाणी आत आलं, आणि मग पलीकडे कोणीतरी पाठ टाकावी तशी ती हळूच सरळ झाली.

तिने पाहिलं. तिची पावलं खाली, दिराचीही खाली. वाऱ्याकडचा पट्टा मात्र ताणून वर उचलला गेला होता. त्यातून पाणी गळत होतं.

पट्ट्याच्या वर तिने नजर नेली नाही.

दिराने सुकाणू धक्क्याकडे वळवायला घेतलं. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"धक्क्याकडे नको, भावजी," ती म्हणाली. "अजून एक चक्कर मारा."