इटलीत नुसतं बसायचं

“घर अगदी शेतात आहे, आई. आणि स्वयंपाकघर बघ केवढं!” केतकीने लॅपटॉप वळवला. वैजूताईंची नजर मात्र फोटोतल्या ऑलिव्हच्या झाडाखालच्या वेताच्या खुर्चीवर होती. इटलीला जाऊन आठ दिवस तिथे नुसतं बसायचं, हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

“म्हणजे बाहेरचं खायला नको,” अच्युतराव खुशीत आले. “सकाळी पोहे, दुपारी पिठलं-भात. आणि तिथल्या ताज्या वांग्यांचं भरीत!”

केतकी लगेच सामानाची यादी करू लागली. छोटा कुकर, पोळपाट, गोडा मसाला.

“तुम्ही बापलेक जाऊन या,” वैजूताई शांतपणे म्हणाल्या. “आठ दिवस घरात कुणी नसलं, की माझीही सुट्टी होईल.”

केतकी हसली, पण आईचा चेहरा बघून तिने यादी बाजूला ठेवली.

अच्युतरावांनी घसा खाकरला. “तिकडे भात मी लावला, तर पाणी किती घालायचं गं?”

वैजूताई दाखवायला उठल्या. मग थांबल्या आणि परत खाली बसल्या.

“तांदळाच्या दुप्पट. आणि तांदूळ कुठल्या डब्यात आहेत, तेही आजच शोधा.”