दाढीवाला बोकड

कॉमिक्सच्या जत्रेत एका निनावी झेरॉक्स पुस्तिकेनं चित्रकाराची पार लाज काढली. त्यात तो दाढीसकट बोकड होता, दुसऱ्याच्या शेतात चरून ढेकर देणारा. वाचणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळत होती.

“कुणी काढलंय हे? हात तोडतो त्याचा!” उजवी मूठ टेबलावर आपटत तो गरजला.

“सोपं आहे,” शेजारच्या टेबलावरचा संपादक म्हणाला. “सावलीच्या रेघा बघा, सगळ्या डावीकडे झुकल्यात. काढणारा पक्का डावखुरा.”

चित्रकाराच्या घरात डावखुरं माणूस एकच होतं, आणि ते टेबलामागे पुस्तकं रचत होतं.

“अहो, टाका की नाव सांगून,” बायको गोड हसली.



सकाळीच बक्षीस मिळालेल्या त्याच्या पुस्तकातली एकूण एक रेघ डावीकडेच झुकलेली होती.