बिघडलेलं कुलूप

किल्लीकाकांनी पुन्हा नंबर दाबला. कुलूप पुन्हा टुंई करून लाल झालं. दार जागचं हललं नाही.

"नवंकोरं कुलूप आणि ही तऱ्हा!" काका दारावर खेकसले.

काकू चपला घालून, पिशवी खांद्याला लावून उभ्या होत्या. नात तापाने फणफणली होती, लेकीला कामावर जायचं होतं, आणि आजी-आजोबा स्वतःच्याच घरात कोंडलेले.

आतून नुसती कडी फिरवली की उघडेल असं कुलूप काकांनी स्वतःच्या दाराला कधी बसवलंच नव्हतं. चोर खिडकीतून शिरला तरी दारातून बाहेर पडता कामा नये, हा त्यांचा जन्माचा हट्ट. म्हणून ऑनलाइन मागवलेलं हे आकड्यांचं कुलूपही आतून नंबर मागेल असंच त्यांनी बसवलं, वर स्क्रूंची डोकी घासून गुळगुळीत केली. हल्ली घरच्या किल्ल्या सापडत नव्हत्या. कधी साखरेच्या डब्यात निघायच्या, कधी फ्रिजमध्ये. "तूच कुठंतरी ठेवतेस," म्हणत काकांनी कटकटच मिटवली होती. किल्लीच नको.

"नंबर कुठला दाबताय?"

"आपल्या लग्नाची तारीख. ती कोण विसरेल?"

"मी बघू का एकदा?"

"तू? अगं, हयात गेली माझी कुलपांत!"

त्यांनी डावा तळहात आडवा धरला आणि त्याच्या आडून परत आकडे दाबले. धंद्यातली सवय. बायकोलासुद्धा बोटं दिसू द्यायची नाहीत. टुंई. लाल.

हत्यारांची पेटी पायाशीच होती. उघडायचं म्हटलं तर चुटकीसरशी काम. पण फोनवर कस्टमर केअरची मुलगी होती.

"सर, वस्तू तोडली तर रिटर्न मिळणार नाही."

"नाही तोडत. या आणि घेऊन जा."

"हो सर. मूळ खोक्यात भरून आमच्या माणसाच्या हातात द्या. तो दाराशी येईल."

"अहो, तो येईल, पण दार उघडायला नको? कुलूप दाराला, आम्ही दाराच्या आत, आणि खोकं..."

"खोकं बाहेर जिन्यात," काकू हळूच म्हणाल्या.

"मग सर, कुलूप काढून खिडकीतून..."

"तोडल्याशिवाय निघत नाही ते!"

"तोडलं तर सर, रिटर्न मिळणार नाही."

काकूंना हसू येत होतं. ते दाबत त्या म्हणाल्या, "समोरच्या दुकानातल्या तुमच्या शागिर्दाला खिडकीतून हाक मारते."

"खबरदार! सगळ्या वस्तीची दारं मी उघडली, आणि मला सोडवायला तो येणार? तोंड कुठे दाखवू मी?" काकांनी फोन काकूंच्या हातात कोंबला. "तू बोल. माझं डोकं फिरलंय."

काकूंनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. मुलीचा आवाज मऊ झाला.

"मॅडम, एक सांगू? सरांनी आधी रेडिओ, इस्त्री आणि फोन बिघडले म्हणून परत केलेत. तपासल्यावर तिन्ही चांगले निघाले. म्हणून यापुढे या अकाउंटवर रिटर्न बंदच होणार आहे. कुलपाचंही... नंबर चुकत असेल, मॅडम. त्यांना जरा नीट आठवायला सांगा ना."

काकू "बरं" म्हणाल्या. रेडिओच्या वेळी कंपनीला शिव्या त्यांनीच जास्त घातल्या होत्या.

काका दाराशी काहीतरी पुटपुटत होते. कपाळावर घाम होता. काकूंचा हात कुलपाकडे गेला आणि अर्ध्यातूनच मागे आला. आपण दाबलं आणि दार उघडलं तर? त्यांनी फोन बंद केला.

"काय म्हणाली?"

"कुलूपच खराब निघालंय म्हणाली. तोडा."

"आणि रिटर्न?"

"खड्ड्यात गेलं रिटर्न. उघडा तुमच्या हाताने."

काकांचा चेहरा खुलला. पेटीतून त्यांनी करवतीचं पातळ पातं काढलं, दार आणि चौकटीच्या फटीत सरकवलं. हात जराही थरथरला नाही. कुलपाची जीभ कापली गेली, खांद्याचा एक धक्का, आणि दार उघडलं.

"पाहिलंस? अजून गेलेला नाही हात!"

"कसा जाईल?" काकू म्हणाल्या.

काका जिना उतरत शागिर्दाला ओरडून सांगू लागले, "अरे ए, ही ऑनलाइनची खेळणी कोणाला घेऊ देऊ नकोस! बिघडलेलीच पाठवतात लेकाचे!"

काकू मागे राहिल्या. कुलूप तसंच दाराला होतं, जिभेचा खुंट बाहेर काढून. त्यांनी जिन्याकडे एकदा पाहिलं आणि हलक्या बोटाने लग्नाची तारीख दाबली.

कुलूप हिरवं झालं. टिंग वाजलं. जिभेचा खुंट गुपचूप आत गेला.

"कसला गं आवाज?" खालून काकांनी विचारलं.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "बिघडलंय मेलं. तुम्ही थांबा तिथंच. एकटे पुढे जाऊ नका, मी आलेच."