मूळ शब्द

सकाळीच राहीने दहावीच्या पोरांकडून इनडायरेक्टची वीस वाक्यं डायरेक्ट करून घेतली होती. “मधला माणूस काढा आणि बोलणाऱ्याचे मूळ शब्द परत आणा,” ती दरवर्षी सांगायची, इतकं सोपं.

संध्याकाळी जयगडच्या घरी तिने कॅप्टनचं इंग्रजी पत्र आईला मराठीत सांगितलं. तिचा भाऊ केतन बोटीवर तापाने गेला, तेव्हा कॅप्टन त्याच्या उशाशी होता.

“माजा केतन शेवटी काय बोल्ला गो?”

“कॅप्टन लिहितो की...”

“त्याचं नको मला. केतनचे शब्द सांग, बाय.”

राहीने शेवटची ओळ पुन्हा वाचली. ‘तो बराच वेळ त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होता, पण बोटीवर ती कुणालाच येत नव्हती.’