शाईचं बोट

दर रविवारी निनाद ब्लॉगवर आठवड्याची मतं मांडायचा. सिनेमाची सालं काढायची, व्हिडिओ गेमला तारे द्यायचे आणि शेवटी राजकारणावर तोंडसुख घ्यायचं. या रविवारी त्याने ठणकावलं होतं, ‘जो मत देत नाही, त्याने तोंड उघडू नये.’

मतदानाची सुट्टी त्याने नव्या गेमपुढे घालवली. मतदान संपता संपता त्याचे वडील अण्णा गुडगावच्या उन्हातून घामाघूम परतले आणि शाईचं बोट नाचवत म्हणाले, "तुझं वाचूनच गेलो बरं का! बघू तुझं बोट."

"सकाळीच जाऊन आलो, अण्णा. शाई आंघोळीत गेली."

अण्णा आपल्या बोटावरची शाई अंगठ्याने घासून बघू लागले. "अच्छा," एवढंच म्हणाले.

त्यांची शाई महिनाभर टिकली. महिनाभर निनाद समोर आला, की अण्णांचा डावा हात मुकाट्याने खिशात जायचा.