भुताला तोंड कुणाचं

ये, बस. तिकडं नको, इथं खिडकीपाशी, उजेडात. जुनी पोस्टरं बघायला आलास ना? दाखवतो. आधी एक गोष्ट ऐक. खोटी वाटली तर उठून चालता हो, मी अडवणार नाही. बोलता बोलता माझे हात चालू राहतील, चालेल ना? आणि आवाज जरा हळू. आत नात तापानं फणफणलीय.

तर एक पेंटर होता. सिनेमाची पोस्टरं हातानं रंगवायचा. हिरोच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्या, असं काम. डोळे मात्र सगळ्यात शेवटी. कंपनी हिरो-हिरोइनचे फोटो पाठवायची. पण भुताचा फोटो कोण पाठवणार? हिरोइनच्या खांद्यामागचं ते तोंड पेंटरलाच कुणावरून तरी उचलावं लागायचं.

पहिल्यांदा त्यानं समोरच्या चहावाल्याचं उचललं. चहावाला पोस्टरपुढं कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"पेंटर, रोज चहा पाजतो, त्याचे हे पांग फेडलेस होय?"

"अरे, घरच्यांनी तरी ओळखलं का ते विचार आधी!"

सगळे पोट धरून हसले. शुक्रवारी सिनेमा लागला. त्याच दुपारी चहावाला बसल्या जागी गेला.

योगायोग, म्हणाले लोक. पुढच्या भुताला तिकीटखिडकीवरच्या जाड्याचं तोंड दिलं. जाड्या म्हणजे बैल नुसता, कधी शिंकसुद्धा नाही. शुक्रवारी पहिला खेळ सुरू व्हायच्या आत आडवा.

पेंटरची पाचावर धारण बसली. तिसऱ्या भुताला त्यानं तोंडच काढलं नाही. जागा कोरी ठेवली.

बायको म्हणाली, "अहो, हे काय अर्धवट? थेटरवाला ओरडेल."

"ओरडू दे. कुणाच्या जिवावर उठायचं नाही मला."

त्या शुक्रवारी बायको गेली. पाणी आणते म्हणून उठली, ती तिथंच.

तेव्हा उमगलं त्याला. जागा कोरी सोडली, की ते भूत घरातलंच माणूस नेतं.

ब्रश माळ्यावर टाकला त्यानं. वीस वर्षं शिवला नाही. पण गेल्या महिन्यात एकानं गळ घातली, हातानं रंगवलेलंच पोस्टर पाहिजे म्हणून. म्हाताऱ्याचे हात शिवशिवले. म्हणाला, भुताचा सिनेमा नाही ना, मग झालं तर. हिरो काढला, हिरोइन काढली. आणि बघतो तर काय, तिच्या खांद्यामागं जागा मोकळी राहिलेली. फोटोत तशी जागा नव्हतीच. रंगानं बुजवायला गेला, तर घरात एकजण अंथरुणाला खिळलं.

अरे अरे, हलू नकोस. सिनेमा उद्याच लागतोय. नाक झालं, ओठ झाले, डोळेच राहिलेत तुझे. जरा माझ्याकडं बघ.